रहस्य उलगडत नाही तेव्हा

मराठीत 'रहस्य' या एकाच शब्दाकडे दोन वेगळी कामे सोपवली गेली आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि झुंझार, धनंजय ही नावे घरोघरी पोहोचवली. त्या कथांतील रहस्य शेवटच्या पानापर्यंत उलगडते. ते उलगडावे म्हणूनच वाचक पाने उलटीत जातो. दुसरीकडे, आपण कॅथलिक कुटुंबे सायंकाळी एकत्र बसून पवित्र माळेची प्रार्थना करतो, तेव्हाही हाच शब्द उच्चारतो. आनंदाची रहस्ये, दुःखाची रहस्ये, गौरवाची रहस्ये आणि पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ साली त्यांत जोडलेली प्रकाशाची रहस्ये. ही रहस्ये कोणी उलगडून दाखवावीत अशी आपली अपेक्षा नसते. मणी पुढे सरकतात आणि आपण त्या रहस्यांच्या सहवासात काही काळ राहतो, इतकेच. पहिले रहस्य कळले की संपते; दुसरे कळेल तसतसे खोल होत जाते.

या दोन अर्थांमधील अंतराचा विचार करण्यास एका साहित्यप्रकाराने आम्हांस प्रवृत्त केले. आपल्या घरांतील तरुण मुले-मुली, विशेषतः शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूकडे गेलेली, अलीकडे ज्या कादंबऱ्या आवडीने वाचतात, त्यांत भविष्यातील एखाद्या भयाण समाजाचे चित्रण असते. इंग्रजीत या प्रकाराला 'डिस्टोपिया' म्हणतात; मराठीत त्याला दुःस्वप्नकथा म्हणता येईल. १५१६ साली सर थॉमस मोर यांनी 'युटोपिया' या ग्रंथात एका कल्पित आदर्श राज्याचे वर्णन केले. डिस्टोपिया हा त्या शब्दाचा विरुद्ध अर्थ. ज्या मोर यांनी आदर्श राज्याची कल्पना लिहिली, त्यांनाच पुढे आपल्या सदसद्विवेकबुद्धीशी प्रामाणिक राहिल्याबद्दल १५३५ साली राजाज्ञेने शिरच्छेद पत्करावा लागला. ख्रिस्तसभेने १९३५ साली त्यांना संत घोषित केले. आदर्श राज्य आणि दुःस्वप्न यांच्यातील अंतर किती थोडे असते, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण.

ख्रिस्तसभेला हा साहित्यप्रकार परका नाही. रॉबर्ट ह्यू बेन्सन हे अँग्लिकन चर्चच्या सर्वोच्च आर्चबिशपांचे पुत्र. ते कॅथलिक झाले, धर्मगुरू झाले आणि १९०७ साली त्यांनी 'लॉर्ड ऑफ द वर्ल्ड' ही अशीच एक कादंबरी लिहिली. पोप फ्रान्सिस यांनी ती वाचण्याची शिफारस जाहीरपणे केली होती. तेव्हा अशी पुस्तके मुलांच्या हाती दिसली म्हणून पालकांनी दचकून जाण्याचे कारण नाही. तथापि या प्रकारातील काही पुस्तके एका विशिष्ट कारणाने वाचकाला अस्वस्थ करतात, किंबहुना चिडवतात. ती प्रश्न उभे करतात आणि उत्तर न देताच संपतात.

जॅकलीन हार्पमन (१९२९–२०१२) या बेल्जियमच्या लेखिका. त्यांचे वडील ज्यू वंशाचे होते. महायुद्धाच्या काळात या कुटुंबाला मायदेश सोडून मोरोक्कोतील कासाब्लांका येथे आश्रय घ्यावा लागला. पुढे हार्पमन मनोविश्लेषक झाल्या. १९९५ साली त्यांनी फ्रेंच भाषेत एक छोटी कादंबरी लिहिली. तिच्या नावाचा अर्थ 'पुरुषांना न ओळखलेली मी' असा होतो. फ्रेंचमधील तोच शब्द 'माणसे' या अर्थानेही वापरतात, त्यामुळे 'माणसांना न ओळखलेली मी' असाही अर्थ त्यात दडलेला आहे. काही वर्षे विस्मरणात गेलेली ही कादंबरी इंग्रजी अनुवादाच्या पुनर्मुद्रणानंतर तरुण वाचकांत पुन्हा लोकप्रिय झाली.

कथा अशी. जमिनीखालच्या एका तळघरात, पिंजऱ्यात, एकोणचाळीस स्त्रिया आणि एक लहान मुलगी कोंडलेल्या आहेत. पहारेकरी पुरुष आहेत आणि ते एक शब्दही बोलत नाहीत. कैदी स्त्रियांना एकमेकींना स्पर्श करण्याचीही मुभा नाही. आपण येथे कशा आलो हे कुणाला आठवत नाही. दिवे लागतात व मंदावतात, पण त्यांचा दिवस-रात्रीशी मेळ बसत नाही. म्हणून ती मुलगी आपल्या हृदयाचे ठोके मोजून काळ मोजायला शिकते. एके दिवशी भोंगा वाजतो. पहारेकरी सारे टाकून पळतात आणि किल्ली कुलपातच राहून जाते. स्त्रिया बाहेर येतात. वर एक उजाड माळ पसरलेला आहे. ही पृथ्वीच आहे की आणखी काही, हेही त्यांना समजत नाही. शोध घेता घेता तशीच आणखी तळघरे सापडतात. पण तेथे भोंगा वाजला तेव्हा किल्ली कुलपात नव्हती, म्हणून आत केवळ मृतदेह आहेत. वर्षे जातात. एकेक स्त्री मरण पावते. शेवटी ती मुलगी, आता प्रौढ झालेली, एकटी उरते आणि आपली हकीकत लिहून ठेवते. कोणी कोंडले, का कोंडले, भोंगा का वाजला, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

मराठी वाचकाला हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'पिंगळावेळ' (१९७७) या संग्रहातील 'स्वामी' ही कथा अनेकांनी वाचली असेल. प्रवासात अडकलेल्या एका माणसाला एका मठात नेले जाते आणि तेथे जमिनीखाली कायमचे बंद केले जाते. मठाला स्वामी हवा, इतकेच कारण. त्याच्या सर्व गरजा भागवल्या जातात. फक्त स्वातंत्र्य तेवढे नसते. यालाच का निवडले, याचे उत्तर कथेत नाही. त्या कोठडीत तो एक वेल जपतो आणि ती झरोक्याच्या वाटेने उजेडाकडे चढत जाते.

आपल्या नागपुरातही ही परंपरा आहे. महेश एलकुंचवार यांच्या 'प्रतिबिंब' या नाटकातील नायक सकाळी उठून आरशात पाहतो तो आपले प्रतिबिंबच नाहीसे झालेले! ते का गेले, याचा शास्त्रीय वा चमत्काराचा कोणताही खुलासा नाटककार करीत नाही. नागपूरचेच कवी ग्रेस (१९३७–२०१२) यांच्यावर तर आयुष्यभर दुर्बोधतेचा आरोप होत राहिला. तरीही या शहराने त्यांच्यावर प्रेम केले. 'ग्रेस' या शब्दाचा अर्थ कृपा, आणि कृपा ही तरी कुणाला पूर्णपणे कळली आहे?

आता वाचकांचा आक्षेप ऐकू. तो असा की, उत्तर न देणे ही लेखकाची पळवाट आहे. कोडे घालणे सोपे, सोडवणे अवघड. लेखकालाच उत्तर ठाऊक नसेल तर त्याने आपला वेळ का घ्यावा? या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकणे योग्य नव्हे. रहस्यकथेचा लेखक पहिल्या पानावर एक प्रेत दाखवतो तेव्हा तो वाचकाकडून उसने घेतो. शेवटच्या पानावर ते फेडले नाही तर ती फसवणूकच होय. चेस्टरटन यांचा फादर ब्राऊन हा धर्मगुरू-गुप्तहेर प्रत्येक वेळी ते ऋण फेडतो, आणि विशेष म्हणजे चमत्काराचा आधार न घेता, शुद्ध तर्काने फेडतो.

परंतु प्रत्येक कथा तेच वचन देत नाही. फ्रेंच कॅथलिक तत्त्वचिंतक गाब्रिएल मार्सेल (१८८९–१९७३) यांनी समस्या आणि रहस्य यांत एक उपयुक्त भेद केला आहे. समस्या माझ्या समोर असते. मी तिच्या बाहेर उभा राहून तिची मांडणी करू शकतो आणि तंत्र सापडले की ती सोडवू शकतो. रहस्यात मी स्वतःच गुंतलेला असतो. प्रेम, मृत्यू, दुष्टता, निष्ठा यांच्याकडे मला बाहेरून पाहताच येत नाही, कारण पाहणारा मीही त्यांतच असतो. गळका नळ ही समस्या आहे. आपल्या आईचा मृत्यू ही समस्या नव्हे. हार्पमन यांनी पिंजऱ्याचे कारण सांगितले असते, समजा एखादे युद्ध वा एखाद्या क्रूर राजवटीचा प्रयोग, तर आपण 'असे होय!' म्हणून पुस्तक मिटले असते. ते तिथल्या बायकांचे दुर्दैव ठरले असते आणि आपण बाहेर राहिलो असतो. कारण काढून घेतल्यामुळे एकच प्रश्न उरतो: कारण कधीच कळणार नसेल तर माणसाने कसे जगावे?

त्या प्रश्नाचे उत्तर मात्र कादंबरीत आहे, आणि ते स्त्रियांच्या वागण्यात आहे. त्या घरे बांधतात. ज्यांना जे येते ते त्या धाकटीला शिकवतात. मोजायला, वाचायला, लिहायला शिकवतात. वाचायला पुस्तके नाहीत, लिहिलेले कोणी वाचेल याची शाश्वती नाही, तरी शिकवतात. आजारी सोबतिणीजवळ बसतात. जगाने त्यांना आपण माणसे आहोत असे सांगणारे काहीही ठेवलेले नाही. तरी त्या माणसांसारख्या राहतात. आम्हांस वाटते, या पुस्तकाचे मोल येथे आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे ईयोबाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ईयोबाच्या ग्रंथातील एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. स्वर्गात काय संवाद झाला हे वाचकाला पहिल्या दोन अध्यायांत कळते, पण ईयोबाला ते अखेरपर्यंत कोणीही सांगत नाही. परमेश्वर वावटळीतून बोलतो तेव्हाही कारण देत नाही. तो उलट प्रश्नच विचारतो. तरीही ईयोब शांत होतो, कारण ज्याच्याशी तो इतका वेळ भांडत होता तो समोर आला आहे. त्याला खुलासा मिळाला नाही, भेट मिळाली. दुसरी गोष्ट त्याच्या मित्रांची. ते आले तेव्हा सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले. तोवर त्यांचे वागणे योग्य होते. त्यांनी तोंड उघडले आणि कारणे द्यायला सुरुवात केली, तेव्हा बिघडले. तू पाप केले असशील, देव अन्याय करीत नाही, अशी सारी नीटनेटकी उत्तरे त्यांनी दिली. शेवटच्या अध्यायात परमेश्वराचा कोप होतो तो या उत्तरे देणाऱ्यांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबावर होत नाही.

ही गोष्ट केवळ ग्रंथातील नाही. २०२० सालच्या मार्चअखेरीस देशभर टाळेबंदी झाली आणि त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा सण आपण बंद दारांआड साजरा केला. २७ मार्चला पोप फ्रान्सिस रोममधील रिकाम्या चौकात पावसात एकटे उभे होते, ते दृश्य आपल्यापैकी अनेकांनी पडद्यावर पाहिले. त्यानंतरच्या वर्षी, २०२१ च्या एप्रिलात, नागपुरात रुग्णालयातील खाटेसाठी आणि प्राणवायूसाठी कुटुंबांची धावाधाव झाली. कित्येकांना आपल्या माणसाचा हात अखेरच्या क्षणी हातात घेता आला नाही. ज्या दुःस्वप्नकथा आपण कल्पित म्हणून वाचत होतो, त्यांत आपण काही महिने राहिलो. त्या काळात शोकाकुल घरांना उत्तरे देणारेही पुष्कळ भेटले. ही देवाची शिक्षा आहे, देवाला चांगली माणसे लवकर हवी असतात, श्रद्धा कमी पडली, असे बोलले गेले. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. ईयोबाच्या मित्रांचाही नव्हता. पण ज्याच्या घरातील कर्ता मुलगा गेला त्याला कारण नको होते. त्याला डबा घेऊन येणारा, कागदपत्रांसाठी कचेरीत सोबत जाणारा, वर्षश्राद्धाच्या मिस्साला शेजारी बसणारा माणूस हवा होता. ज्यांनी हे केले त्यांनी रहस्य उलगडले नाही. त्यांनी ते वाहून नेण्यास खांदा दिला.

आणखी एका अपूर्ण शेवटाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. मार्कलिखित शुभवर्तमानाची चौथ्या शतकातील दोन अत्यंत महत्त्वाची हस्तलिखिते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीपाशी थांबतात. स्त्रिया कबरेपाशी येतात, धोंड सरकलेली पाहतात, पुनरुत्थानाची बातमी ऐकतात आणि थरथरत पळ काढतात. भीतीमुळे कुणाला काही सांगत नाहीत. पुढील बारा ओव्या नंतर जोडल्या गेल्या असे बहुतेक अभ्यासक मानतात. ख्रिस्तसभा त्यांनाही पवित्र शास्त्राचाच भाग मानते. तरी मार्कचे शुभवर्तमान पुष्कळ काळ काही वाचकांच्या हाती त्या भयभीत मौनापाशीच संपत असले पाहिजे. त्या वाचकांनी पुस्तक फेकून दिले नाही. स्त्रिया गप्प राहिल्या असत्या तर ही वार्ता आपल्यापर्यंत आलीच नसती, हे त्यांना ठाऊक होते. अपूर्ण शेवटाचे उरलेले काम वाचकाच्या जीवनाने करायचे असते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग सर्वच दुःखांना रहस्य म्हणावे आणि हात जोडून बसावे. हा धोका खरा आहे आणि या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. त्यासाठी आम्ही नागपूरच्याच दुसऱ्या लेखकाकडे वळतो. नंदा खरे (१९४६–२०२२) हे व्यवसायाने अभियंता, विचाराने कठोर विवेकवादी आणि 'आजचा सुधारक' या मासिकाच्या संपादनाशी निगडित. देवाधर्माच्या प्रश्नांवर त्यांचे व आपले जमणारे नव्हते. त्यांच्या 'उद्या' या कादंबरीला २०२० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि समाजाने आपल्याला पुष्कळ दिले आहे असे सांगून त्यांनी तो नाकारला. 'उद्या'मध्ये नजीकच्या भविष्यातील जग आहे: कंपन्यांच्या हाती गेलेली सत्ता, माणसांवर अष्टौप्रहर नजर, आणि मुलींची संख्या घटल्यामुळे स्त्रीच्या वाट्याला आलेले भयंकर जिणे. या दुःस्वप्नाला कारणे आहेत, आणि ती कारणे आजच्या आपल्या घरांत आहेत.

जनगणनेचे आकडे पाहा. सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३ झाल्या आणि २०११ साली ८९४ उरल्या. १९९४ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा झालेला असतानाही हे घडले. या मुली कोठे गेल्या, हे रहस्य नव्हे. ती समस्या आहे, तिला कर्ते आहेत, आणि तिच्यापुढे 'देवाची इच्छा' म्हणून डोळे मिटणे हे पाप आहे. जे सोडवता येते त्याला रहस्य म्हणणे ही आळशाची धार्मिकता. आणि जे सोडवता येत नाही त्याला समस्या समजून चटकन उत्तर देणे हा ईयोबाच्या मित्रांचा दोष. दोहोंतला फरक ओळखण्याची बुद्धी ही प्रार्थनेत मागावी अशी गोष्ट आहे. खरे यांच्यासारखा नास्तिक लेखक आपल्याला पहिल्या चुकीपासून वाचवतो. हार्पमन यांच्यासारखी लेखिका दुसऱ्या चुकीपासून वाचवते. श्रद्धावंताने दोघांचेही ऋण मानावे.

याचा अर्थ ही पुस्तके डोळे मिटून स्वीकारावीत असा नाही. हार्पमन यांच्या कादंबरीत असह्य वेदना सोसणाऱ्या सोबतिणींचे जीवन नायिका सुरीने संपवते आणि अखेरीस स्वतःचेही संपवते. लेखिकेने ते दयेचे कृत्य म्हणून रंगवले आहे. मानवी जीवन आरंभापासून नैसर्गिक मृत्यूपर्यंत पवित्र आहे, या शिकवणीत वाढलेल्या वाचकाला हे मान्य होणार नाही, आणि होऊ नये. पण पुस्तक लपवून ठेवण्यापेक्षा या प्रसंगावर मुलांशी बोलणे अधिक हिताचे. जेथे औषध नाही, डॉक्टर नाही, आशा नाही, तेथे दया कोणते रूप घेते, हा प्रश्न त्यांना विचारावा. आसन्नमरण रुग्णांच्या वेदना शमवीत शेवटपर्यंत सोबत करणाऱ्या सेवाभावी भगिनी आणि परिचारिका आपल्या समाजात आहेत. त्यांनी निवडलेली वाट याच प्रश्नाचे दुसरे उत्तर आहे. मुलांना ते उत्तर दाखवता यावे यासाठी आधी त्यांचा प्रश्न आपल्याला ऐकू यायला हवा.

म्हणून आमची पालकांस एक विनंती आहे. घरातील मुलगा वा मुलगी एखादी अशी कादंबरी वाचून उदास झाली आणि 'शेवटी काहीच कळत नाही' म्हणाली, तर तिला लगेच समजावू नये. लहानपणी आपण तिला प्रश्नोत्तरी पाठ करून घेतली, तेथे प्रत्येक प्रश्नाखाली उत्तर छापलेले होते. तो पाया आवश्यकच होता. पण जीवन प्रश्नांखाली उत्तरे छापून आपल्या हाती देत नाही, हे तिला आता कळू लागले आहे. अशा वेळी तिच्याबरोबर ते पुस्तक वाचावे. त्यातील माणसे अंधारात एकमेकांशी कशी वागली, हे तिला विचारावे. आणि यात बदलता येण्याजोगे काय होते, सोसण्यावाचून गत्यंतर नव्हते असे काय होते, हे दोन रकाने मिळून भरावेत.

माळेतील दुःखाची रहस्ये आपण गेली कित्येक शतके म्हणत आलो आहोत. निष्पाप माणसाला काटेरी मुकुट का, याचे उत्तर कोणत्याही मण्यात सापडत नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या माणसे ती माळ हाती धरून रुग्णाच्या उशाशी, प्रेताच्या पायथ्याशी, परीक्षेच्या आदल्या रात्री बसली आणि पहाटे उठून कामाला लागली. अर्थ सापडतो तो बहुधा असा, हाताला काम आणि शेजारी माणूस असताना. पुस्तकातील रहस्य उलगडले नाही म्हणून ते व्यर्थ गेले असे समजू नये. ते मिटल्यावर आपण कुणाच्या शेजारी जाऊन बसलो, यावर त्याची किंमत करावी.